किल्ली गळ्यात आहे

४ ऑगस्ट, सोमवार

आज राजीनामा दिला. एकतीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवल्या, आता पुरे. लॅबच्या मालकांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि विचारलं, "बरा आहेस ना रे?" म्हटलं, इतका बरा मी जन्मात नव्हतो. ते म्हणाले, "नोटीस दीड महिन्याची आहे. तेवढ्यात येईल तुझं डोकं ठिकाणावर." हातात कुणाच्या तरी खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता, तो धरून तसेच उभे राहिले.

ही वही त्यासाठीच काढली. गाडी निघेपर्यंत रोजचं रोज लिहायचं ठरवलंय. माझ्या ठरवण्याला काय अर्थ असतो ते बायकोला विचारावं.

तेविसाव्या वर्षी आम्हा तिघांचं ठरलं होतं. उनाड गायचा, ढोल्या ड्रम वाजवायचा, मी बेस गिटार. पंचावन्न झाले की सगळं सोडायचं, वाद्यं गाडीत टाकायची आणि निघायचं. परत यायची तारीख ठरवायची नाही. त्या वेळी केस खांद्यापर्यंत होते आणि आमचं एक गाणं गावातली पोरं बाकं बडवून म्हणायची. शब्द उनाडचे, चाल माझी.

दाराला कडी नको, हाताची घडी नको,
पाठीवर छडी नको, पायात बेडी नको,
पत्ता विचारशील तर मलाच ठाऊक नाही,
पाय नेतील तिकडं जाईन, घाई काही नाही!

पुढे ढोल्या लोकांना गाडी चालवायला शिकवू लागला आणि मी दात करू लागलो. कडी नको म्हणणाऱ्या तिघांतल्या दोघांनी आपापल्या हातानं कड्या लावून घेतल्या. एकटा उनाड राहिला शब्दाला जागून. लग्न नाही, नोकरी नाही, साहेब नाही. टायरच्या दुकानावर एक खोली, बस्स. आमच्यात खरा तोच. गेल्या महिन्यात मीच त्याला म्हटलं, पंचावन्न झाले की रे आपले. तो म्हणाला, "मग निघू या!" एका क्षणात. मला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले.

बायकोला सांगितलं. ती वॉर्डातली ड्यूटी करून आली होती, पाय टबात घालून बसलेली. म्हणाली, "बरं. ब्रेड आणायचा होता, आणलास का?"

१० ऑगस्ट, रविवार

ढोल्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमागच्या शेडमध्ये पहिली तालीम. पुढच्या महिन्यात सभागृहात शेवटचा मोठा कार्यक्रम करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढायची, असा बेत.

उनाड दोन तास उशिरा आला. एका पायात चप्पल, एका पायात बूट. ढोल्या म्हणाला, "हे काय रे?" उनाडनं खाली पाहिलं आणि असा काही हसला की आम्हीही पोट धरून हसलो. कुठं होतास, असं कुणीच विचारलं नाही. आमच्या बँडचा एकच नियम होता, पहिल्या दिवसापासून: कुठं होतास, का उशीर झाला, कुणाबरोबर होतास, हे विचारायचं नाही. घरी, कॉलेजात, दारात सगळे तेच विचारायचे. एक जागा तरी अशी असावी जिथं कुणी जाब विचारत नाही.

पुढचा दात परत हरवून आलाय. बावीस वर्षांपूर्वी स्टेजवरून पडून तो तुटला, तेव्हापासून मीच त्याला काढता-घालता येणारा पट्टीवरचा दात करून देतो. या वर्षातला हा तिसरा. लोक दात जपतात, हा उधळतो. मला हेवा वाटला, खरंच सांगतो. मी गेल्या एकतीस वर्षांत छत्रीसुद्धा हरवलेली नाही.

गळ्यात मात्र दोरीनं किल्ली बांधलीय. ढोल्या म्हणाला, "कडी नको म्हणणारा किल्ली घालून फिरतोय, काय फॅशन आहे!" उनाड पुन्हा हसला.

१७ ऑगस्ट, रविवार

आज एवढा आनंद झालाय की चपला न काढताच लिहायला बसलोय. उनाडनं नवीन गाणं लिहिलंय!

त्याला तालमीला आणायला गेलो. खाली टायरवाला चाकातली हवा काढत बसला होता. मला थांबवून म्हणाला, "साहेब, तुमचे दोस्त रोज मला नाव विचारतात. सकाळी एकदा, दुपारी एकदा." मी म्हटलं, नावागावाच्या पलीकडचा माणूस आहे तो, मनावर घेऊ नका. तो काही तरी बोलणार होता, पण मी जिना चढायला लागलो.

वर गेलो आणि दारातच थबकलो. भिंतीवर चिठ्ठ्या! कपाटावर, आरशावर, गॅसच्या वर, दाराच्या आतल्या बाजूला. उनाडची गाणी लिहायची पद्धत पहिल्यापासून हीच. सुचेल ती ओळ कागदाच्या कपट्यावर खरडायची आणि चिकटवून द्यायची. आठवड्यानं मी जायचं, कपटे गोळा करायचे, क्रम लावायचा, चाल बांधायची. 'कडी नको' असंच झालं होतं. गेली पंधरा-सोळा वर्षं भिंती कोऱ्या होत्या. मला वाटलं होतं, झरा आटला.

मी विचारलं, "नवीन?" तो भिंतीकडे जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "कुणीतरी लावलंय." ऐका! एवढं लिहायचं आणि मालकी सांगायची नाही. तो खाली जाईपर्यंत मी सगळं उतरवून घेतलं. त्याला काही बोललो नाही. स्टेजवर एकदम त्याच्यासमोर म्हणायचं, त्याचंच गाणं त्याला भेट द्यायचं.

किल्ली गळ्यात आहे, शोधू नकोस.
वर आलास की उजवीकडे वळ. चौथं दार तुझं.
आईला फोन करू नकोस. ती गेली.
नाव आठवलं नाही तर हस.

आणखी एक होती, 'गॅस बंद केलास का? पुन्हा बघ.' ती चालीत बसेना म्हणून गाळली. पण आईची ओळ! त्याची आई जाऊन बारा वर्षं झाली. इतक्या साध्या शब्दांत एवढं दुःख मी तरी कुठं ऐकलेलं नाही. मी दोनच शब्दांसाठी दिवस दिवस डोकं खाजवतो आणि हा पठ्ठ्या सहज लिहून जातो.

२४ ऑगस्ट, रविवार

चाल झाली. सुरुवातीला फक्त बेस, मग 'उजवीकडे वळ' म्हटलं की ड्रम. ढोल्याला ऐकवलं, तो म्हणाला, अंगावर काटा आला.

घरी बायकोला म्हणून दाखवलं. ती कणीक मळत होती. तिसऱ्या ओळीला तिचे हात थांबले. म्हणाली, "कागद दाखव." पिठाच्या हातानं कागद धरला आणि दोनदा वाचला.

"हे गाणं आहे?"

"मग काय वाण्याची यादी आहे?"

"त्याला एकदा आमच्या डॉक्टरांकडे घेऊन ये. उद्याच आण. मी नंबर लावते."

माझं टाळकंच सटकलं. म्हटलं, तुला सगळीकडे पेशंटच दिसतात. माणूस चौकटीबाहेर जगला की तुम्ही लोक त्याला आजारी ठरवता. ती शांतपणे म्हणाली, "तो विसरतोय रे." मी म्हटलं, विसरत नाही, लक्षात ठेवायची तसदी घेत नाही. फरक आहे. ती म्हणाली, "कधीपासून असं आहे, विचारलंस त्याला?" म्हटलं, आमच्यात विचारत नाहीत.

"छान आहे तुमच्यात," म्हणाली आणि कणीक तशीच टाकून आत गेली. पोळ्या मीच लाटल्या.

मला कळत नाही का, तिला मी जायला नकोय. सरळ तसं म्हणावं ना. उनाडवर कशाला घालायचं?

२ सप्टेंबर, मंगळवार

मध्ये लिहिलं नाही. लॅबमध्ये काम फार होतं, जाता जाता मालक माझ्याकडून सगळे अडलेले जबडे काढून घेतायत.

आज तालमीनंतर, उनाडला खोलीवर सोडून परत आलो तेव्हा, ढोल्यानं मला गाडीत बसवलं. ज्या गाडीवर तो शिकवतो तीच, शिकवणाऱ्याच्याही पायाशी ब्रेक असलेली. म्हणाला, "काल उनाडनं मला विचारलं, तू लग्न केलंस का म्हणून. अरे, माझ्या पोरीच्या लग्नात नाचलाय तो!"

"चेष्टा करत असेल."

"चेष्टेत माणूस डोळ्यांत असं बघत नाही."

मी म्हटलं, अरे, जुनी गाणी म्हणताना एक अक्षर तरी चुकतो का? 'कडी नको' झोपेतून उठवलं तरी म्हणेल. ढोल्या म्हणाला, ते खरं. पण तेच कडवं त्यानं आज तीनदा म्हटलं. मी म्हटलं, लोकांना आवडतं ते. ढोल्यानं मान हलवली आणि गाडी सुरू केली.

इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. तालमीनंतर मी उनाडला म्हटलं, चल, खोलीवर सोडतो. तो कोपऱ्यावर थांबला, मी पुढे होईपर्यंत. डावीकडे जायचं की उजवीकडे, ते माझ्या पायांकडे बघून ठरवलं त्यानं. मी पाहिलं ते. आणि बघून न बघितल्यासारखं केलं. राजीनामा दिलाय मी. बायकोशी भांडलोय. तो जसा आहे असं मी बत्तीस वर्षं सांगत आलो तसा तो नसेल, तर मी कशाच्या जोरावर निघालोय?

कार्यक्रम होऊ दे. मग बघू.

१४ सप्टेंबर, रविवार

कसं लिहू? जसं झालं तसं लिहितो.

सभागृह भरलं होतं. आमच्याच वयाचे लोक, पोट सुटलेले, पण बाकं बडवायला तेच. मागे उभी होती त्यांची पोरं. उनाड स्टेजवर आला आणि वीस वर्षं गळून पडली. काय आवाज! 'कडी नको'ला तर छत उडायचं बाकी होतं. गाणं संपलं, आणि त्यानं लगेच तेच पुन्हा सुरू केलं. लोक वेडे झाले. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा ढोल्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान वळवली.

मग मी माइक घेतला. म्हटलं, आता उनाडचं नवीन गाणं, आणि त्यालाच ठाऊक नाही की आम्ही ते म्हणणार आहोत. टाळ्या. मी बेस छेडला.

'किल्ली गळ्यात आहे, शोधू नकोस.' त्याचा हात गळ्याकडे गेला. शर्टातून किल्ली काढून त्यानं मुठीत धरली. मला वाटलं, भरून आलं त्याला. 'वर आलास की उजवीकडे वळ, चौथं दार तुझं.' त्यानं माइक हळूच खाली ठेवला, नीट, पडणार नाही असा. आणि उजवीकडे वळून आत निघून गेला.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. काय एक्झिट! मीसुद्धा मनात म्हटलं, काय एक्झिट! आणि मी ते गाणं शेवटपर्यंत म्हटलं. आईची ओळ तर दोनदा म्हटली. या गोष्टीची मला आयुष्यभर लाज वाटणार आहे.

गाणं संपलं तरी तो आला नाही. ढोल्यानं ड्रम चालू ठेवले आणि डोळ्यांनीच मला जा म्हटलं.

स्टेजमागे लांब बोळ होता. एका बाजूला दारं. पहिलं कपडे बदलायचं, दुसरं सामानाचं, तिसरं मोरीचं. चौथ्या दारापाशी उनाड उभा होता. ते विजेच्या मीटरचं दार होतं, वर लाल अक्षरात लिहिलेलं. दोरी आखूड, म्हणून तो वाकून, गाल दाराला टेकवून गळ्यातली किल्ली कुलपात घालायचा प्रयत्न करत होता. किती वेळ करत होता कुणास ठाऊक. कुलपाभोवती रंग खरवडला गेला होता.

मी हाक मारली. तो वळला. कपाळावर घाम होता. म्हणाला, "लागत नाही हो. कुलूप बदललंय बहुतेक कुणीतरी."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग फार अदबीनं म्हणाला, "आपण इथंच राहता का?"

आपण. बत्तीस वर्षांत आमच्यात तू आणि शिव्या, याखेरीज काही नव्हतं.

आणि मग तो हसला. गोड, मोकळं, पुढच्या दातावाचूनचं. 'नाव आठवलं नाही तर हस', ही आरशावरची चिठ्ठी मला तेव्हा समजली. वर्षभर तो असाच हसत होता, आणि आम्ही पोट धरून त्याच्याबरोबर हसत होतो.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी गाडी निघायची होती. ढोल्या आला, वाद्यं उतरवली, गेला.

उनाड रात्री आमच्याकडेच झोपला. बायकोनं बघितलं, काही विचारलं नाही, माझे कपडे दिले त्याला. 'मी सांगत होते' असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दुपारी त्याच्या खोलीवर गेलो. टायरवाला म्हणाला, "किल्ली मी बांधली गळ्यात. तीनदा बाहेर अडकले होते. गॅसवर भांडंही जाळलंय. तुम्हाला सांगायला बघत होतो, साहेब." चौकशी करायला टायरवाला होता. त्याला आमचा नियम माहीत नव्हता, म्हणून त्यानं सरळ विचारलं आणि सरळ दोरी आणली.

चिठ्ठ्या एकेक करून काढल्या. अक्षर आधी ठीक होतं, दाराजवळ येता येता मोडत गेलेलं. उशाखाली एक घडी केलेली सापडली. 'त्या दोघांना सांगू नकोस. त्यांनी निघायचं ठरवलंय.'

तिथंच खाटेवर बसून रडलो. लहान पोरासारखा, नाक पुसायचं भान न ठेवता.

२२ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरांनी नाव सांगितलं. स्मृतिभ्रंश. या वयातही होतो, म्हणाले. किती दिवसांपासून, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. ते लिहून घेत होते, त्यांनी मान वर केली. "जवळचे आहात ना तुम्ही?"

लॅबमध्ये गेलो. मालक म्हणाले, "तुझा कागद कुठं ठेवला ते मला आठवेना. तुझं स्टूल आहे तिथंच आहे." मी ॲप्रन घातला. दात आहेत तर चणे नाहीत, अशी म्हण ऐकली होती. माझे चणेही मीच उकिरड्यावर टाकायला निघालो होतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मागची खोली उनाडची. माझ्या वायरी, स्पीकर पलंगाखाली.

आज त्याचा नवीन दात केला. वृद्धाश्रमातल्या लोकांच्या कवळ्या अदलाबदल होतात, म्हणून गुलाबी भागात नावाची बारीक पट्टी घालतो आम्ही, आतून. मेणात पट्टी बसवायला घेतली आणि पेन उचललं. उनाडचं खरं नाव लिहायला मलाच थांबावं लागलं. शेवटी आठवलं, लिहिलं. खाली माझा फोन नंबर.

बसवला तेव्हा त्यानं जीभ फिरवून बघितली. म्हणाला, "तू दात फार सुरेख करतोस. कुठं शिकलास?" तू म्हणाला. दिवसभर मी हवेत होतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज तो निघून गेला. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात. दोन तासांनी ढोल्याच्या एका शिकाऊ बाईला दिसला, बसथांब्याच्या पलीकडे, रस्त्याच्या मधोमध, वाहनांना वाट दाखवत. ढोल्यानं आपल्या पायाशी असलेला ब्रेक दाबला म्हणून. म्हणून तो आज आहे.

बायको म्हणाली, "कडी बसवायला लागेल. दाराच्या वरच्या टोकाला. या आजारात माणसं वर बघत नाहीत, आमच्या वॉर्डात तसंच असतं."

मी म्हटलं, त्याला कडी घालू? मी?

ती म्हणाली, "मग काय करू या, सांग." ती माझ्या शेजारी बसली. बराच वेळ माझा हात धरून होती.

१९ ऑक्टोबर, रविवार

स्टुलावर चढून कडी बसवली. पितळी, बोटाएवढी. दार जुनं, लाकूड टणक, स्क्रू शिरेना. शिव्या घालत होतो.

उनाड कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. तळहातावर स्क्रू घेऊन, एकेक वर देत होता. मी काय करतोय ते त्यानं विचारलं नाही. आमचा नियम त्याच्या आत कुठंतरी अजून शाबूत असेल.

तिसऱ्या स्क्रूला तो गुणगुणायला लागला. मग मोठ्यानं. दाराला कडी नको, हाताची घडी नको. सगळी कडवी, एक अक्षर न चुकता, तोच आवाज. पत्ता विचारशील तर मलाच ठाऊक नाही. बायको आतून येऊन उभी राहिली. माझ्या डोळ्यांना दिसेना, स्क्रू नुसता अंदाजानं फिरवत होतो.

शेवटची ओळ संपली. तो वर हात करून थांबला, पुढचा स्क्रू घेऊन.

"घे ना," म्हणाला. "अजून एक राहिलाय."

मी घेतला.